दिवलीबाईच्या लेकीचा आवाज

दिवलीबाई वसावेला मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या पायरीवर. सातपुड्यातल्या काठी गावाच्या बाजूच्या एका पाड्यावर मी प्राथमिक शिक्षक होतो. मूळचा मी नंदुरबारजवळच्या धानोऱ्याचा. घरात अहिराणी, पुस्तकात मराठी, आणि वर्गातल्या पोरांना या दोन्हींतलं काही कळत नव्हतं. शेवटी मीच पोरांकडून भिली शिकलो. दिवलीबाई आपल्या लेकीला बखोटीला धरून घेऊन आली आणि म्हणाली, गुरुजी, हिला शाळेत घ्या, ही घरी फार बोलते.

लेकीचं नाव फुलवंता. ती खरोखरच फार बोलायची. शेळ्यांशी बोलायची, चुलीशी बोलायची, आईला 'याहा, याहा' करत शेतभर मागे फिरायची. डोंगरात आईला याहा म्हणतात. दिवलीबाई स्वतः अबोल. नवरा झिपरू त्याहून अबोल. थोरला मुलगा गोवाल आईवर गेलेला. त्या घरातलं सगळं बोलणं जणू त्या एका पोरीच्या वाट्याला आलं होतं.

पुढे मी निवृत्त होऊन नंदुरबारला राहायला आलो. फुलवंता आश्रमशाळेतून बारावी झाली. कोरोनाची बंदी उठल्यावर काठीची होळी पुन्हा जोरात भरली, तेव्हा रांगेत नाचणाऱ्या पोरींमध्ये कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला. तो मोबाईलवरून मोबाईलवर फिरला, आणि उन्हाळ्यात एक गाडी देवगोई घाट चढून तिला शोधत आली. गाडी भाग्येशची होती.

भाग्येश कोण, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. तापीकाठच्या एका गावातला, केळी-उसाची मोठी शेती असलेल्या घरातला मुलगा. अहिराणी गाण्यांचा हिरो. त्याचं गाणं डीजेवर लागल्याशिवाय लग्नात कुणी नाचायला उतरत नसे. रिक्षांच्या मागच्या काचेवर त्याचा फोटो, पोरांच्या डोक्यावर त्याच्यासारखी कटिंग. गाण्यात त्याच्यासोबत नाचायला त्याला नवी मुलगी हवी होती.

फुलवंता गेली. पहिल्याच गाण्यात तिचं नाव मोहिनी झालं. फुलवंता हे नाव गाण्याखाली बरं दिसत नाही, असं तिला सांगण्यात आलं. आडनाव लावलंच नाही. त्यामुळे मोहिनी कुठली, हे कुणाला कळत नव्हतं. कुणी जळगावची म्हणे, कुणी नाशिकची. चेहऱ्यावर, हातांवर, मानेवर इतकं काही लावत की रंग दोन-तीन छटांनी उजळे. मोलगीच्या बाजारात एका दुकानदारानं दिवलीबाईसमोर मोबाईल धरला आणि विचारलं, ही तुझी पोरगी ना? ती बराच वेळ बघत राहिली. मग गुडघे ओळखले, असं तिनंच मला सांगितलं. लहानपणी दगडावर पडून झालेली खूण गुडघ्यावर होती, तिच्यावर काही लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पण आवाज तिचा नव्हता. गाणं स्टुडिओत दुसरीच बाई गायची, फुलवंता फक्त ओठ हलवायची. बाजारात, एसटीत, लग्नात, सगळीकडे लेकीचं तोंड उघडं दिसे आणि त्यातून परका आवाज येई. दिवलीबाई म्हणायची, तोंड माझ्या पोरीचं, गळा दुसरीचा. पोरगी दिवाळीला घरी आली की मात्र ही तक्रार उरत नसे. तेव्हा फुलवंता इतकं बोलायची की याहाला झोप यायची आणि बोलणं चालूच असायचं.

दुसऱ्या वर्षी फुलवंताच्या डोक्यात एक गोष्ट शिरली. आपणच गायचं, आपल्या बोलीत गायचं, खाली आपलं खरं नाव लावायचं. तिनं गोवालला सांगितलं होतं, भाग्येशच्या गाण्यांत नाचणं आता पुरे. भाग्येशला ते रुचलं नाही. दोघांत आणखी काही होतं का, यावर नंतर लोकांनी रकानेच्या रकाने भरले. मला ते माहीत नाही आणि दिवलीबाईनं ते कधी विचारलं नाही.

मे महिन्यात, कैऱ्यांच्या दिवसांत, फुलवंताचं प्रेत प्रकाशा गावाच्या खाली तापीच्या पाण्यात सापडलं. भाग्येशच्या शेतातला बंगला तिथून जवळच. त्यानं सांगितलं की ती फोटो काढताना काठावरून घसरली. सुरुवातीला तशीच अपघाताची नोंद झाली. पण डॉक्टरांच्या अहवालात आलं की पाण्यात पडण्याआधीच तिचा गळा दाबला गेला होता. भाग्येशला अटक झाली.

त्यानंतर जे झालं ते आमच्या जिल्ह्यानं कधी पाहिलं नव्हतं. टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या. पेपरात रोज भाग्येशचा फोटो, गॉगल घातलेला, हसरा. बातमी त्याच्या अटकेची, त्याच्या जेवणाची, त्याच्या आईच्या रडण्याची. फुलवंताचा फोटो असलाच तर मेकअपमधला, आणि खाली मोहिनी. तिला आई आहे, हे कळायला पेपरांना बरेच दिवस लागले. जामीन मिळून तो बाहेर आला तेव्हा गावानं त्याला ओवाळलं. त्याच काळात त्याचं नवीन गाणं आलं आणि आधीच्या सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त चाललं.

डोंगरात एक जुनी रीत आहे. माणूस मेला, मारला गेला, तरी दोन्हीकडचे पंच बसतात, भरपाई ठरते आणि वैर मिटतं. तिला भांजगड म्हणतात. तापीकाठच्या लोकांना एरवी ही रीत मागासलेली वाटते, पण या वेळी त्यांचीच दोन माणसं काठीला गेली आणि म्हणाली, तुमच्या रीतीनं मिटवू. झिपरूचं मन थोडं हललं होतं. कोर्ट लांब, भाषा परकी, म्हातारपण समोर. दिवलीबाईनं पंचांना विचारलं, भांजगडीत मारणाऱ्यानं सगळ्यांसमोर बसून 'मी मारलं' म्हणायचं असतं, तो येऊन म्हणणार आहे का? आलेली माणसं उठून गेली. कारण ते सोडून बाकी सगळं ते द्यायला तयार होते.

खटला नंदुरबारच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. दिवलीबाईला मराठी येत नाही म्हणून दुभाष्या लागणार होता. भिली आणि मराठी दोन्ही जाणणारा म्हणून माझं नाव पुढे आलं. घरी बायको, सुंदरबाई, घाबरली. तिचं माहेर तापीकाठचं. ती म्हणाली, "तुमले काय करनं शे? आपले याच लोकस्मा ऱ्हानं शे ना?" तिचं चुकीचं नव्हतं. आम्ही त्याच लोकांत राहणार होतो. मी तिला इतकंच सांगितलं की पोरगी माझ्या शाळेतली होती. पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दिवलीबाई आणि गोवाल आमच्याकडे उतरले. दिवलीबाई ओट्यावरच बसली, आत येईना. सुंदरबाईनं बाहेर येऊन हाताला धरून तिला स्वयंपाकघरात नेलं. दोघींना एकमेकींची बोली येत नव्हती, तरी भाकरी दोघींनी मिळून केल्या.

कोर्टाच्या आवारात त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. पोरं झाडांवर चढली होती. भाग्येश पांढरा सदरा घालून गाडीतून उतरला तशी एकच हाकाटी झाली. भाऊ निर्दोष शे, भाऊ निर्दोष शे. पोरं मोबाईल वर धरून त्याच्यामागे पळाली. त्या गर्दीत दिवलीबाईला कुणीतरी ढकललं. मुद्दाम नव्हे, ती कोण हे ठाऊकच नव्हतं. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि मला विचारू लागली, एवढी माणसं माझ्या पोरीसाठी आली का? मी खरं सांगितलं. तिनं मान हलवली.

साक्षीच्या पिंजऱ्यात ती सरळ उभी राहिली. सरकारी वकील प्रतिभाताईंनी विचारलेल्या साध्या प्रश्नांची तिनं साधी उत्तरं दिली. मग आरोपीचे वकील उठले. मोठ्या शहरातून आलेले, बोलण्यात मऊ. त्यांनी मुलगी घरी किती यायची, कुणाबरोबर यायची, तिच्या कपड्यांबद्दल घरी काही बोलणं व्हायचं का, असं विचारत विचारत गाडी एका जागी आणली. ते म्हणाले, तुमच्या समाजात मुली मर्जीनं कुणाबरोबरही पळून जातात, पुढे पंचात मिटतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, हे खरं आहे ना?

मी ते भिलीत सांगितलं. दिवलीबाईनं शांतपणे ऐकलं आणि उत्तर दिलं. मी ते मराठीत केलं.

"पळून जातात त्या पोरी जिवंत असतात. होळीला पोरं घेऊन माहेरी येतात."

न्यायाधीश मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. वकील म्हणाले, मला आणखी काही विचारायचं नाही.

दिवलीबाईची साक्ष संपली. आता तिला येण्याची गरज नव्हती. पण पुढच्या तारखेला गोवालची साक्ष होती, म्हणून ती त्याच्याबरोबर पुन्हा आली आणि मागच्या बाकावर बसली. तिथे जे झालं त्यानं तिचं पुढचं सगळं आयुष्य धरून ठेवलं, असं मला वाटतं.

ज्या संध्याकाळी फुलवंता मारली गेली, त्या संध्याकाळी तिनं गोवालच्या मोबाईलवर बोलून निरोप पाठवला होता. काठीत घराजवळ रेंज नाही. गोवाल सकाळी टेकडीवर चढला तेव्हा तो निरोप आला, आणि त्याच्या पाठोपाठ पोलिसांचा फोनही आला. तो तसाच टेकडीवरून प्रकाशाला निघाला. तिथे त्याचा मोबाईल पुरावा म्हणून जप्त झाला. दिवलीबाईनं तो निरोप कधी ऐकलाच नव्हता. असा निरोप आहे एवढंच तिला माहीत होतं.

कोर्टात मोबाईलला एक छोटा स्पीकर जोडला. मॅडम म्हणाल्या, आधी पूर्ण ऐकू, मग गुरुजी एकेक वाक्य सांगतील. कारकुनानं बटण दाबलं. जरा खरखर झाली. आणि फुलवंता बोलू लागली.

ती भरभर बोलत होती, नेहमीसारखी. दादा, गाडी काही मिळत नाही, मी उद्या सकाळच्या एसटीनं येते. हा दुपारपासून ओरडतो आहे, ओरडू दे, मी परत यायची नाही. याहाला विचार, कैऱ्या उतरवल्या का? तिला सांग, आमचूर एकटीनं करू नको, तुझा अंगठा कापतो, मी येते, मी सोलते. मग ती हसली. कशाला कोण जाणे. आणि म्हणाली, याहा तिथंच आहे का? याहा, ऐकतेस ना?

मागच्या बाकावरून दिवलीबाई म्हणाली, "ऐकते ना. बोल."

मोठ्यानं नव्हे. शेतात शेजारच्या ओळीत काम करणाऱ्या माणसाला उत्तर द्यावं, तसं. स्पीकर बंद झाला होता. दिवलीबाई अर्धवट उठून उभी राहिली होती आणि स्पीकरकडे पाहत होती, पुढचं वाक्य यायचं आहे अशी.

मॅडमनी मला विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं. टायपिस्टचे हात थांबले होते. ते लिहायचं का, असं त्यानं मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवून नाही म्हटलं आणि दिवलीबाईला पाणी द्यायला सांगितलं. पिंजऱ्यात भाग्येश खाली बघत होता. एवढ्या दिवसांत तो खाली बघताना मला तेव्हाच दिसला.

त्या दिवसापासून दिवलीबाई प्रत्येक तारखेला येऊ लागली. भल्या सकाळी काठीहून निघायचं, मोलगीला गाडी बदलायची, घाट उतरायचा, अक्कलकुव्याहून नंदुरबार. कधी गोवाल बरोबर, कधी एकटी. पेपरवाल्यांनी लिहिलं, न्यायासाठी आईची पायपीट. एका मुलीनं माईक पुढे करून विचारलं, तुम्हाला काय हवं आहे? दिवलीबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि भिलीत म्हणाली, हिला सांगू नको. मी त्या मुलीला सांगितलं, त्या थकल्या आहेत.

दारातून आत शिरताना ती मला रोज एकच विचारायची. आज लावणार का? मी म्हणायचो, आज पंचनाम्याचे पंच आहेत, आज डॉक्टर आहेत, आज मोबाईल कंपनीचा माणूस आहे. ती बरं म्हणायची आणि दिवसभर बसून राहायची. एक शब्द न कळणारं ते बोलणं संध्याकाळपर्यंत ऐकायची, मधेच पोरीचं बोलणं लावतील या आशेवर.

एकदाच लावलं. आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली की दुभाष्यानं एका ठिकाणी 'ओरडतो आहे' असं सांगितलं, त्या शब्दाचा अर्थ 'बोलावतो आहे' असाही होतो. मॅडमनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. एकदा नाही, तीनदा वाजला. शब्दावर बरीच झटापट झाली आणि शेवटी माझा अर्थ राहिला. पण दिवलीबाईला त्या झटापटीशी कर्तव्य नव्हतं. ती डोळे मिटून बसली होती. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर आरोपीचे वकील गाडीची वाट पाहत उभे होते, तर तिनं त्यांना हात जोडले. ते गोंधळले. त्यांना वाटलं असेल, बाई दया मागते आहे. तिनं मला सांगितलं, चांगला माणूस, त्यानं लावायला लावलं.

खटला पुढे सरकला तो भुरीबाईमुळे. भुरीबाई त्या बंगल्यावर स्वयंपाक करायची, तापीकाठच्याच भिल्ल वस्तीतली. तिला बोलू नको म्हणून सांगणारे पुष्कळ होते आणि ती ज्यांच्या शेतात राबत होती तेही त्यांतच होते. मधल्या एका तारखेला ती आलीच नाही. सगळ्यांना वाटलं, गेली साक्ष. पुढच्या तारखेला ती आली, पदर तोंडाशी धरून, आणि जमिनीकडे बघत सगळं सांगून गेली. भाग्येशनं फुलवंताला जातीवरून शिव्या दिल्या. डोंगरातून उचलून आणलं, चेहरा दिला, नाव दिलं, आता तू मला शिकवतेस, असं तो म्हणाला. मग आतलं दार लागलं. फुलवंताचं बोलणं ऐकू येत होतं, ते एकदम थांबलं. साक्ष देऊन झाल्यावर भुरीबाई बाहेर दिवलीबाईजवळ येऊन बसली. भुरीबाई नंतर त्या गावात राहू शकली नाही. नवऱ्याला घेऊन ती सुरतकडे कामाला गेली असं ऐकलं.

निकाल ऐकायला आवाराबाहेरच्या रस्त्यापर्यंत गर्दी होती. खून सिद्ध झाला. जन्मठेप. भाग्येश पिंजऱ्याचा कठडा धरून उभा राहिला. बाहेर बातमी गेली तशी पोरं ढसाढसा रडली. हे मी मनापासून सांगतो, खोटं रडत नव्हती. ती त्याच्या गाण्यांवर लग्नांत नाचली होती. फुलवंताही त्याच गाण्यांत होती, पण तिच्यासाठी त्यांतला कुणी रडताना मला दिसला नाही.

जातीवरून शिवीगाळ केल्याचं जे कलम होतं, ते मात्र टिकलं नाही. मॅडमनी समजावून सांगितलं की ते बोलणं चार भिंतींच्या आत झालं, बाहेरच्या लोकांसमोर नाही, आणि कायद्याला ते लोकांसमोर झालेलं लागतं. मी दिवलीबाईला ते दोनदा सांगितलं. तिनं विचारलं, घरात बोललं की लागत नाही का? मी हे मराठीत केलं नाही. ते कोर्टाला विचारलेलं नव्हतं, मला विचारलेलं होतं.

शिक्षा सुनावण्याआधी मॅडमनी आईला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं होतं. प्रतिभाताईंनी तिला आधी सांगून ठेवलं होतं की कडक शिक्षा माग. दिवलीबाई उभी राहिली. म्हणाली, शिक्षेचं तुम्हाला कळतं, ते तुम्ही बघा. माझ्या पोरीचं बोलणं तुमच्या पेटीत आहे. ते मला द्या.

मॅडम म्हणाल्या की मोबाईल मुद्देमाल आहे, अपील होईल, तो आत्ता देता येणार नाही. पण बोलण्याची प्रत मिळू शकते, त्यासाठी अर्ज करा. प्रतिभाताईंनी त्याच दुपारी अर्ज केला. मग अपील उच्च न्यायालयात गेलं, कागद इकडून तिकडे गेले, पावसाळा झाला, दिवाळी झाली. दिवलीबाईचा निरोप दर बाजाराच्या दिवशी मोलगीहून कुणाच्या तरी फोनवरून यायचा. गुरुजी, आलं का?

आलं तेव्हा थंडी संपत आली होती. एका छोट्या पेनड्राइव्हमध्ये. गोवालनं ते मोबाईलवर घेतलं आणि मी त्याच्याबरोबर काठीला गेलो. अंगणात खाट टाकली. दिवलीबाईनं आधी हातपाय धुतले. मग मोबाईल हातात घेतला, कानाला लावला नाही, मांडीवर ठेवला. ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा ऐकलं. झिपरू भिंतीशी उकिडवा बसला होता, तो उठून गोठ्याकडे गेला. शेवटी लेकीनं 'ऐकतेस ना' विचारलं की दिवलीबाई दर वेळी हो म्हणायची. आम्ही निघेपर्यंत चालू होतं.

मला वाटलं, बाईला हवं होतं ते मिळालं. तिचीही तीच समजूत होती.

या श्रावणात मी पुन्हा वर गेलो. भाग्येशचं अपील अजून पडून आहे. त्याचे लोक म्हणतात सुटेल, प्रतिभाताई म्हणतात सुटणार नाही. गाणी अजून वाजतात, त्यातली मोहिनीही अजून नाचते. गोवालनं आता एक लहान दुकान टाकलं आहे. मी पोचलो तेव्हा दिवलीबाई भगरीच्या शेतात निंदत होती. मला बघून बांधावर येऊन बसली. बोलता बोलता मी विचारलं, ऐकते का रोज?

ती नाही म्हणाली. मला आश्चर्य वाटलं. तिनं हळूहळू, शब्द शोधत सांगितलं. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ ऐकायची. मग एके दिवशी शेळ्यांना हाकताना तिच्या लक्षात आलं की पोरगी शेळ्यांना कशी हाका मारायची ते आठवत नाही. पूर्वी आठवायचं. आठवायला गेलं की तिथं कैऱ्या यायच्या, एसटी यायची, तेच हसणं यायचं. रुसली की काय म्हणायची, भूक लागली की काय म्हणायची, त्या सगळ्या जागी तेच ते बोलणं येऊन बसलं होतं. "हे थोडंसं बोलणं बाकीचं सगळं खाऊन टाकतंय, गुरुजी," ती म्हणाली. "ऐकावंसं तर फार वाटतं. पण ऐकलं की ती तेवढीच उरते." म्हणून तिनं गोवालला सांगितलं होतं, तुझ्याजवळ ठेव, मी मागितलं तरी लगेच देऊ नको.

आता ती दुसरंच करते. फुलवंताला ओळखणारा जो भेटेल त्याला विचारते, ती तुझ्याशी काय बोलली होती, सांग. आश्रमशाळेतल्या मैत्रिणींना विचारलं. मोलगीच्या बांगडीवालीला विचारलं. एसटीच्या कंडक्टरलाही विचारलं, तर त्यानं खरंच एक आठवण सांगितली, सुट्ट्या पैशांवरून फुलवंतानं त्याच्याशी घातलेला वाद. दिवलीबाईनं तो मला त्याच्या नकलेसकट करून दाखवला. मग पदरानं हात पुसून म्हणाली, तू राहिलास. तुझ्या शाळेत ती एवढी वर्षं होती. सांग.

मी आठवू लागलो. इतकी पोरं हाताखालून गेली, कुणाचं बोलणं कुणाचं, ते निवडून काढणं सोपं नव्हतं. पण एक आठवलं.

फुलवंता पहिलीत असेल. खालून एक साहेब तपासणीला आले होते. बूट, चष्मा, हातात छडीसारखी छत्री. वर्गात येऊन त्यांनी बोट केलं ते नेमकं फुलवंताकडे आणि मराठीत विचारलं, मुली, तुझं नाव काय? तिला कळलं नाही. मी भिलीत सांगितलं, साहेब तुझं नाव विचारतात. तिनं साहेबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, आमच्या घरी हा आलाय, आधी यानं आपलं नाव सांगावं. साहेब म्हणाले, काय म्हणते? मी म्हटलं, फुलवंता वसावे म्हणते. साहेब खूश झाले.

दिवलीबाई हसू लागली. तोंडावर हात ठेवून, अंग हलेपर्यंत हसली. मी तिला इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसत तिनं विचारलं, साहेबानं सांगितलं का त्याचं नाव? मी म्हटलं, नाही. बरोबरच होतं तिचं, दिवलीबाई म्हणाली. आणि तिनं शेताच्या पलीकडच्या टोकाला काम करणाऱ्या झिपरूला मोठ्यानं हाक मारून बोलावलं.

तो विळा हातात घेऊनच आला, बांधावर बसला. मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.